गोणीला गुडघे नसतात

शेठजींनी त्यांच्या ड्रायव्हरच्या, मोरेभियांच्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली आणि माझ्या टेबलावर आपटली.

"या तो इस गाड़ी में भूत है, या इस ड्राइवर में। परसों तक बता दो। लिख के।"

एवढं बोलून ते तरातरा बाहेर गेले आणि रिक्षात बसले. शहरातली सगळ्यात महाग गाडी आमच्या अंगणात उभी, आणि तिचा मालक रिक्षात! आमच्या शोरूमची याहून मोठी बेअब्रू काय असणार? मोरेभिया दाराशीच उभे होते. पांढरा युनिफॉर्म, मान खाली.

मी तेव्हा इंदूरच्या ए. बी. रोडवरच्या एका शोरूममध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होते. म्हणजे गाडीवाल्याचं रडगाणं ऐकायचं, मेकॅनिकला समजेल अशा भाषेत ते जॉब कार्डवर उतरवायचं, आणि संध्याकाळी मेकॅनिकचं रडगाणं गाडीवाल्याला समजावायचं. दोघांच्या शिव्या मात्र समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्या थेट पोचतात.

परदेशी गाड्यांना देशाचं दार नुकतंच उघडलं होतं, आणि आमच्याकडे गिरण्यांची दारं एकेक करून बंद होत होती. शेठजींचा आधी गिरणीच्या कापडाचा ठोक व्यापार. गिरण्या बसल्या तसे ते सोयाबीन तेलात उतरले आणि असे वर आले की ही डोंगराएवढी एस.यू.व्ही. घेतली. त्याच गिरणीत मोरेभिया विणाईखात्यात होते आणि माझे बाबा टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी मांडायला. फाटकाला कुलूप लागल्यावर बाबा घरी बसले. मोरेभियांनी चाळिशी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकून घेतलं. आता हेही काम गेलं तर या वयात त्यांना तिसरं कोण देणार?

तक्रार अशी. शेठजी महिन्यातून चार वेळा मुंबईच्या रस्त्याने खाली जात. शहरात गाडी गुणी बाळ. महू मागे पडलं की मागची डावी खिडकी, म्हणजे शेठजींच्या बाजूची, आपोआप बोटभर उघडायची. कानाशी शीळ वाजायची, एसीचा गारवा पळायचा, धोतरावर धूळ. शेठजी डुलकीतून दचकून उठायचे, बटण दाबून काच वर करायचे. घाटात पुन्हा तेच.

आता पॉवर विंडोची गंमत अशी, की मागच्या खिडकीला दोन बटणं असतात. एक तिथेच, दाराच्या आर्मरेस्टवर. दुसरं ड्रायव्हरच्या दारावर. शेठजींनी साधा हिशेब केला. मी तर झोपलेलो होतो, मग बटण दाबलं कोणी?

"खजरान्याच्या गणपतीची शपथ, मॅडमजी," मोरेभिया म्हणाले, "मी बटणाला हात पण नाही लावला. मला काय मजाक सुचून राहिली का, घाटामध्ये?"

ड्रायव्हरच्या दारावर मागच्या खिडक्या बंद ठेवायचं लॉकही असतं. ते दाबून ठेवा, असं आमचे वर्कशॉप मॅनेजर दिघेसाहेब शेठजींना सुचवून बसले होते. शेठजी असे काही भडकले! "गाड़ी मेरी, और खिड़की का हुकुम ड्राइवर के पास?" विषय संपला.

दिघेसाहेब हुशार माणूस, यात शंका नाही. सहा फूट उंच, आवाज त्याहून उंच. आधीच्या खेपांना त्यांनी सगळं वायरिंग उघडून पाहिलं होतं. काचेची मोटर बदलली. महूनंतर ऊन वाढतं म्हणून तारा तापतात, असा एक शोध लावला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खोडून काढला. दोनदा घाटातल्या मानपूरपर्यंत स्वतः गाडी चालवून आले. शेठजींचं वजन मागे हवं म्हणून त्यांच्या जागी वाळूच्या गोण्या ठेवल्या. दोन्ही वेळा गोण्या सुखरूप जाऊन आल्या. ना शीळ, ना धूळ.

"नीलिमा, एनएफएफ लिही आणि कार्ड बंद कर," ते म्हणाले.

एनएफएफ म्हणजे नो फॉल्ट फाउंड. दोष आढळला नाही. तक्रार खरी असो-नसो, वर्कशॉपला दोष सापडला नाही की कार्डावर ही तीन अक्षरं लिहायची आणि हात झटकायचे. मी ती शेकडो वेळा लिहिली होती. पण त्या दिवशी पेन उचललं आणि हात थांबला. गाडीत दोष नाही असं मी लिहिलं, की दोष ड्रायव्हरमध्ये आहे असं शेठजी वाचणार. मोरेभियांची नोकरी माझ्या सहीने जाणार. खरं सांगायचं तर मला रागच आला.

"सर, एक ट्रायल अजून. मोरेभिया चालवतील."

"आरोपीच्याच हातात गाडी?"

"तोच हात, तोच रस्ता. तुम्ही शेजारी बसा आणि त्यांच्या हातावर नजर ठेवा. मी मागे बसते."

"अगं, मागे कशाला? घाटात ओकशील."

"शेठजी मागेच बसतात ना? गोण्यांना विचारून काय कळणार?"

साहेब हसले. हसले की ते हो म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. मोरेभिया चालवत होते. साहेब मान तिरकी करून त्यांच्या उजव्या हाताकडे टक लावून. मी मागे डावीकडे, शेठजींच्या गादीवर. काय ती सीट! आमच्या घरातल्या पलंगालाही एवढा फोम नव्हता. राऊ गेलं, महू गेलं, मी कान टवकारून बसले. काहीच नाही.

एक त्रास मात्र होऊ लागला. मी बुटकी. एवढी की शोरूमच्या काउंटरमागे उभी राहिले तर लोक विचारायचे, मॅडम कुठे आहेत? ती सीट लांबटांग्या परदेशी माणसांच्या मापाची. माझे पाय खाली टेकेचनात. तासभर लोंबकळून पोटऱ्यांना मुंग्या आल्या. साहेब पुढे बघताहेत, मोरेभिया रस्त्याकडे बघताहेत, मला बघतंय कोण? मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि मस्त मांडी घातली. हाय, काय सुख!

मानपूरच्या अलीकडच्या वळणावर गाडी कलली. मी दाराकडे झुकले.

आणि कानाशी शीळ वाजली.

"मोरे! हात!" साहेब ओरडले.

"दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत साहेब! तुम्हीच तर बघून राहिले!"

होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. काच बोटभर खाली आली होती आणि धूळ सरळ माझ्या तोंडावर. मी खाली पाहिलं. माझा डावा गुडघा आर्मरेस्टवर टेकला होता. बरोबर बटणावर.

"कोणी हलू नका!" मी किंचाळले. चालत्या गाडीत ड्रायव्हरला हलू नका म्हणणारी मीच. "साहेब, माझा गुडघा! गुडघा बघा!"

मोरेभियांनी गाडी कडेला घेतली. साहेब मागे वळले. मी गुडघा उचलला, बटणाने काच वर केली. गुडघा टेकवला, काच खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली.

"मोरेभिया, शेठजी मागे कसे बसतात?"

मोरेभियांनी डोक्याला हात लावला. "मला कसं दिसणार, मॅडमजी? आरसा मागच्या गाड्यांवर असतो. आणि मालकाकडे वळून कोण बघतं?" मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "पण महूच्या पुढे त्यांच्या मोजड्या नेहमी खाली पडलेल्या राहतात. उतरायच्या वेळी मीच सरळ करून ठेवतो!"

सगळं जागच्या जागी बसलं. शेठजीही माझ्याच उंचीचे. सगळं आयुष्य दुकानाच्या गादीवर मांडी घालून गेलेलं. शहरात लोक बघतात म्हणून पाय खाली सोडून साहेबासारखे बसायचे. महूपर्यंत पायांना मुंग्या, मग मोजड्या काढून मांडी, मग डुलकी, मग वळण. दचकून उठले की पाय खाली, गुडघा बाजूला, पुरावा गायब!

आम्ही तिघं रस्त्यावर उभं राहून हसत सुटलो. मानपूरला चहा झाला. दिघेसाहेबांनी मागच्या सीटवर मांडी घालून बघायचा हट्ट धरला. सहा फुटी माणूस, त्यांचा एक पाय वर आला आणि तिथेच अडकला. तो खाली आणायला मोरेभिया आणि चहावाला, दोघं लागले.

परतताना साहेब गंभीर झाले. "हे शेठजींना सांगणार कोण? तुम्ही चुकीचे बसता म्हणून? दुसऱ्याच दिवशी ते गाडी परत करतील. त्यापेक्षा एनएफएफ लिही, बटण आपण गुपचूप बदलू."

"आणि मोरेभिया?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मोरेभिया आरशात बघत होते. त्या वेळी मागच्या गाड्यांकडे नाही, माझ्याकडे.

"मी सांगते," म्हटलं.

ठरल्या दिवशी शेठजी आले. मी त्यांना गाडीपाशी नेलं, किल्ली फिरवली, चपला काढल्या आणि सगळ्या स्टाफसमोर मागच्या सीटवर मांडी घालून बसले. गुडघा टेकवला. काच सर्रकन खाली.

"शेठजी, ये गाड़ी लंबे लोगों ने बनाई है," मी म्हटलं. "हमारे पैर नीचे लगते नहीं। मैं घंटे भर में थक गई, ऊपर ले लिए। खिड़की खुल गई। मोरेभिया के दोनों हाथ स्टीयरिंग पे थे, साहब ने खुद देखा।"

शेठजींनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. बटणाकडे पाहिलं. मग आर्मरेस्टच्या लेदरवरच्या एका गुळगुळीत डागाकडे, जो गुडघ्याएवढा होता. सगळं वर्कशॉप हातातली कामं टाकून उभं.

"उतरो बेटा," ते म्हणाले.

मी उतरले. शेठजी मोजड्या काढून चढले, मांडी घातली, डोळे मिटले आणि दाराकडे कलले. काच खाली. त्यांनी डोळे उघडले, काच वर केली, पुन्हा कलले. पाच-सहा वेळा केलं असेल. मग हसू फुटलं त्यांना, आणि असं फुटलं की डोळ्यांतून पाणी.

"इतने इंजीनियर, इतनी मशीन! और किसी को ये नहीं सूझा कि बैठ के देख लें?"

आमच्या वेल्डरने त्या बटणाभोवती पत्र्याचा छोटा कठडा बसवला. गुडघा कठड्यावर, बटण आत सुरक्षित. शेठजी आता महूची वाट न बघता शोरूममधूनच मांडी घालून निघत. जॉब कार्डावर मी लिहिलं, "दोष आढळला. सीट उंच, बटण उघडं." त्यावरून गाडीच्या कंपनीकडून दिघेसाहेबांना बरंच ऐकावं लागलं. काही वर्षांनी सगळ्याच गाड्यांत बटणं खोबणीत बसवलेली दिसू लागली. ती आमच्यामुळे नव्हे, हे मला माहीत आहे. घरी मात्र मी आमच्यामुळेच म्हणून सांगते.

त्या दिवशी शेठजींनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली, क्षणभर हातात धरली आणि मोरेभियांपुढे केली. आपटली नाही.

"चलो मोरे. आगे देख के चलाना।"

"जी शेठजी," मोरेभिया म्हणाले. पण बसण्याआधी त्यांनी खाली वाकून मोजड्या सरळ केल्या, आणि वर बघताना मला एवढासा सलाम ठोकला. बाबा टाइम ऑफिसच्या खिडकीत असायचे तेव्हा गिरणीतले लोक ठोकत, अगदी तसा. मी पटकन तोंड फिरवून जॉब कार्ड शोधायला लागले.

वाळू आम्ही मागच्या अंगणात ओतून टाकली. त्यानंतर आमच्या वर्कशॉपमध्ये नियम झाला, की ट्रायलला मागच्या सीटवर माणूस बसेल, आणि तो स्टाफमधला सगळ्यात बुटका असेल. पुढची सगळी वर्षं घाटात मीच ओकत होते.