धोका काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा

मंडळी, घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमचे हे कोलाडला वेल्डिंगचं दुकान चालवतात. हायवेवर अपघात झाला की गाडीत अडकलेल्यांना काढायला यांचा ग्रुप धावतो. पगार नाय, विमाही नाय. निदान विमा तरी मिळावा म्हणून देशभरातल्या अशा ग्रुपांची आज दुपारी दिल्लीच्या सरकारी साहेबांबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. आपल्याकडून हे बोलणार होते.

आमचा नंबर यायच्या आधीच जवळच्या खांब गावातून फोन आला. टँकर उलटलाय, ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलाय. यांनी पहार उचलली. "तू बोल गो, मी जातो."

मी मोबाइलसमोर बसून राहिले. थोड्या वेळाने दुसऱ्या फोनवर ग्रुपचा मेसेज आला. टँकर गळतोय, उग्र वास सुटलाय, आणि हे आत शिरलेत. मी यांना फोन लावला. लागेना.

नेमकं तेव्हाच साहेबांनी विचारलं, या कामात असा धोका काय असतो?

यांनी बोलायला लिहून ठेवलेलं सगळं मी विसरले. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, "साहेब, माझा नवरा आत्ता गळक्या टँकरमध्ये शिरलाय. फोन लागत नाय. त्याला काय झालं तर मी कोणाकडे जायचं, तेवढं सांगा."

साहेब खाली बघत म्हणाले, नोंद घेतली. पुढचे कोण?

संध्याकाळी हे आले, डोळे लालभडक. ड्रायव्हर वाचला. पाणी प्यायच्या आधी विचारलं, "काय म्हणाले गो?"

मी म्हटलं, "नोंद घेतली म्हणाले." मंडळी, अपघात दिसला की तुम्ही सगळे यांना फोन लावता. मी कोणाला लावू?