आत्यानं आज बाबांचा कॉम्प्युटर चालवला

मंडळी, दुपारपासून मी जरा तरंगतोच आहे, म्हणून लगेच लिहितोय.

छावणीतलं घर आवरताना आज माळ्यावर बाबांचा कॉम्प्युटर सापडला. विकत आणलेला नाही, बाबांनी आणि आत्यानं मिळून घरीच बनवलेला. सुटे पार्ट बाहेरून मागवायचे, सोल्डरिंग बाबा करायचे आणि स्क्रीन म्हणजे बैठकीतला टीव्ही. त्यात काही साठवता यायचं नाही. लाईट गेली की सगळं पुसलं जायचं, मग आत्या प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून टाइप करायची. प्रोग्राम एकच होता. तो चालला की टीव्हीवर हळूहळू चांदण्या उगवायच्या.

बाबा आता नाहीत. त्याचा सर्किट बोर्डही गंजलाय. भंगारात द्यायच्या आधी म्हटलं, बैठकीत बसलेल्या आत्याला एकदा दाखवावा.

तिनं तो मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि तिची बोटं कीबोर्डवर चालायला लागली. ना वायर, ना टीव्ही, बराच वेळ नुसती टकटक. मग थांबून म्हणाली, "दिसल्या का रे चांदण्या?"

मी लगेच म्हणालो, "दिसल्या की, लई दिसल्या."

"खोटं कशाला बोलायलास? मी अजून रन कुठं केलंय?"

मग तिनं शेवटचं बटण दाबलं, आणि जिथं टीव्ही असायचा त्या भिंतीकडं आम्ही दोघं बघत बसलो.

बोर्ड भंगारात गेला नाही. तुमच्या घरातल्या कुणाच्या बोटांत अजून काय चालू आहे, कधी विचारलंय का?