मिठाचं पाणी

माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा त्याचे हातपाय काड्या आणि पोट नगारा. आठ-आठ दिवस शौचाला होत नसे. लालबागच्या आमच्या चाळीत पोटाचे तज्ज्ञ घरटी दोन. कोणी एरंडेल पाजलं, कोणी नजर काढली. सासूबाईंनी गावी पत्र धाडून देवाला कौल लावला. देवालाही आतडं कळलं नाही.

परळच्या डॉक्टरांना कळलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आतड्याच्या खालच्या टोकाला जन्मापासून मज्जातंतूच नाहीत, तो भाग मळ पुढे ढकलत नाही, म्हणून वरचं आतडं साठून साठून फुगतं. तो भाग कापायचा, पण आधी पोराचं वजन वाढायला हवं. तोवर रोज एनिमा, मोजून मीठ घातलेल्या पाण्याचा. "बाई, बिनमिठाचं पाणी कधीही नाही. फुगलेलं आतडं ते पिऊन टाकतं, मूल दगावतं." मला नीट समजलं होतं.

संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, त्याच दिवशी घरातलं मीठ संपलं. दुकानं बंद, पोर कळवळत होतं. शेजारणीनं दारातूनच हात उडवला, "दिवेलागणीक मीठ देतत काय गो? घरातली लक्ष्मी जाता." तिची लक्ष्मी म्हणजे एक स्टोव्ह आणि दोन ट्रंका! मुंबई घेऊन दाखवू म्हणत घसा बसवून आलेल्या माझ्या नवऱ्याला चार दारं फिरून चिमूटभर मीठ आणवलं नाही. "आई सांगते तसं कर," म्हणाला. आई सांगत होती, "साबणाचा पाणी घाल. आमची पोरा काय मिठार वाढली?"

मी घातलं.

तासाभरात पोराला आकडीचा झटका आला. उचलून परळपर्यंत पळालो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "पाण्यात मीठ होतं ना?"

"होता तर," सासूबाई म्हणाल्या. नवरा जमिनीकडे बघत उभा. मीही गप्प. डॉक्टरांना मेंदूच्या तापाची शंका आली, ते पाठीतून पाणी काढायची तयारी करू लागले. तेवढ्यात दुसरा झटका आला, पोर निळं पडलं, तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "मीठ नव्हतं. साबणाचं पाणी मीच दिलं."

शिरेतून मिठाचं पाणी चढवलं. पोर वाचलं, पुढे ऑपरेशनही झालं.

त्या सगळ्यांना मी जन्मभर कस्पटासमान लेखलं. पण ती माणसं अडाणी होती. मला सगळं माहीत होतं, आणि त्या दोन झटक्यांच्या मधे मी सासूच्या तोंडाकडे बघत गप्प उभी होते.