तबकडी दिसेनाशी होते तिथे

दर मंगळवारी सकाळी समुद्रात तरंगणाऱ्या लाल बोयापाशी पोचलं, की काका इंजिन बंद करायचे आणि बोटीवर गप्पांना बंदी व्हायची. मग ते सावलीच्या बाजूला गुडघे टेकून, ताटाएवढी एक पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायचे. तबकडी खाली जाताजाता आधी हिरवट व्हायची, मग अंधुक, मग दिसेनाशी. त्याच क्षणी काका ओरडायचे, "गेली!" दोरीला दर मीटरवर एक चिंधी आणि अर्ध्यावर गाठ होती. काका नुसतं बोट फिरवून खोली सांगायचे. चिंध्या काकूंनी बांधलेल्या, जुन्या पडद्याच्या.

समुद्र-संशोधन केंद्राच्या बोटीवर चालक म्हणून काका बावीस वर्षं होते, पण सगळं बंदर त्यांना तबकडीकाकाच म्हणायचं. पाण्यात तरंगणारे, डोळ्याला न दिसणारे जीव दाटले, की तबकडी लवकर नाहीशी होते. विरळ झाले, की खोलवर दिसत राहते. पुस्तकात त्यांना प्लवक म्हणतात. काका 'बारीक मंडळी' म्हणायचे. "मासे काय, शिंपले काय, सगळे त्यांच्या जिवावर. बारीक मंडळी रुसली, की मोठ्यांचं ताट रिकामं!"

चार महिन्यांपूर्वी केंद्रात नवीन मॅडम आल्या होत्या. काकांच्या मुलीच्या वयाच्या. शिकलेल्या भरपूर आणि शंका त्याहून जास्त. एका मंगळवारी त्यांनी रेशमी कापडाची शंकूसारखी जाळी पाण्यातून ओढली, तळाची बरणी उजेडात धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"काका, तबकडी किती म्हणाली?"

"चार मीटर."

"तबकडी म्हणते गर्दी आणि बरणी म्हणते शुकशुकाट. दोघींत एक खोटं बोलतेय."

"गाळ असेल," काका घाईने म्हणाले.

"नदीला महिनाभर पूर नाही, लाटा नाहीत. गाळ येणार कुठून? आणि पाणी बघा, हात घाला. कोमट आहे."

ते मात्र खरं होतं. वाऱ्याने या वर्षी पाठ फिरवली होती. एरवी किनाऱ्यालगत जोराचा वारा सुटला, की तो वरचं तापलेलं पाणी बाहेर लोटायचा आणि तळचं गार पाणी वर यायचं. त्या गार पाण्यात बारीक मंडळींचं खत असतं, हे काकांनीच मॅडमना पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. "पातेल्यात सगळा मसाला तळाशी बसलाय. वारा म्हणजे पळी. पळी नाही फिरली, तर वर नुसतं पाणी!"

आता पळी फिरत नव्हती. मग पाणी दाट कसं?

"जाळी फाटली असेल," मॅडम म्हणाल्या. "बारीक जीव निसटत असतील. काकूंना दाखवता? शुक्रवारी शिंपलेवाल्यांची बैठक आहे. पाण्यात खाऊ भरपूर असेल, तर ते यंदा शिंपले वाढवायचे दुप्पट दोर पाण्यात सोडणार आहेत. मला आकडा पक्का हवा."

"जाळीच असेल," काका म्हणाले आणि त्यांना एकदम हलकं वाटलं. घरी पोचेपर्यंतच.

काकू केंद्राच्या जाळ्या शिवायच्या. टाका इतका बारीक, की टाका कुठला आणि कापड कुठलं, ओळखू येऊ नये. त्यांनी जाळी खिडकीत धरली, शिवणीवरून नखं फिरवली, आत पाणी ओतून पाहिलं.

"एक भोक दाखवा. एक! उद्यापासून सुई हातात धरणार नाही."

"मी कुठे म्हणतोय? मॅडम म्हणाल्या."

"आणि तुम्ही मान डोलावली."

काकूंनी जाळी घडी करून ठेवली आणि अगदी सहज विचारलं, "अहो, घड्याळात किती वाजले हो?"

काकांनी भिंतीकडे मान वळवली. डोळे बारीक केले. "साडेपाच होत आलेत."

"छान. घड्याळ कालपासून दुरुस्तीला दिलंय."

भिंतीवर नुसता खिळा होता.

"मागच्या आठवड्यात शेजारच्यांच्या दोरीवरच्या शर्टाला तुम्ही हात केलात," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, माणूस प्रेमळ आहे, शर्टाशीही बोलतो. पण तबकडीचं काय? ती चारवर जाते, का तुम्हाला चारवर जाते?"

काका पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला. चष्म्याचा काही दोष नव्हता, हे त्यांना वर्षभरापासून ठाऊक होतं.

"बावीस वर्षं, अगं," ते शेवटी म्हणाले. "लॅबच्या भिंतीवर तो ग्राफ आहे ना, त्यातला प्रत्येक ठिपका माझ्या डोळ्यांनी पाडलाय. एकदा म्हटलं डोळा गेला, की सगळाच ग्राफ संशयात. आणि दुसऱ्या दिवशी बोटीवर दुसरा."

"आणि नाही म्हटलं, तर शिंपलेवाले उपाशी पाण्यात दुप्पट दोर सोडतील. वर माझी जाळी फाटकी ठरेल, ते वेगळंच."

"सांगू कसं?"

"खोली सांगता तसं. मोठ्याने."

दुसऱ्या दिवशी काकांनी लॅबच्या दारातच उभं राहून, अगदी बोटीवरच्या आवाजात सांगितलं, "मॅडम, जाळी धडधाकट आहे. डोळा फाटलाय. माझा!"

सूक्ष्मदर्शकावरून मॅडमनी डोकं वर केलं. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत, त्यामुळे काकांना जास्तच धास्ती वाटली.

"कधीपासून?"

"दिव्यांभोवती कडी दिसायला लागली, त्याला वर्ष होऊन गेलं. त्याआधीचं सगळं खणखणीत आहे, शपथ घेतो. पण नंतरचं... खोडून टाका."

"खोडायचं नाही काही. खोडलेलं कुणालाच उपयोगी पडत नाही." त्या उठल्या. "चला. बोट काढा. काकूंना बोलवा."

"काकूंना? तिला बोट लागते हो!"

"लागू दे. मला तिसरा डोळा हवाय."

दुपारी तिघं बोयापाशी पोचले. काकूंनी एका हाताने कठडा धरला होता, दुसऱ्याने तोंड. काकांनी तबकडी सोडली.

"गेली. चार."

"कुठे गेली?" काकू हाताआडून म्हणाल्या. "समोर तर आहे! सोडा अजून."

काका सोडत गेले. पाच. सहा. चिंध्या बोटांतून सरकत राहिल्या. बायको अजून 'आहे, आहे' म्हणतच होती. साडेसातला मॅडम आणि काकू एकदमच म्हणाल्या, "गेली."

"बरणी खरं बोलत होती," मॅडम म्हणाल्या. "पाणी रिकामं आहे." त्यांनी वहीत काकांचा आकडा लिहिला, शेजारी आपला, त्याच्या शेजारी काकूंचा. "असं आठ-दहा वेळा मोजू. तुमच्या डोळ्यात नि आमच्यात फरक किती पडतो ते कळलं, की गेल्या वर्षीचे ठिपके अंदाजाने तरी जागेवर आणता येतील. त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल करू. शंका आहे म्हणून, खोटे आहेत म्हणून नाही."

"आणि माझ्या जागी?"

"ऑपरेशनला किती दिवस लागतात?"

"मोतीबिंदूला? महिनाभर पाण्यात उतरू नका म्हणतात."

"मग महिनाभर मी ओरडते 'गेली'. तुमच्याइतकं मोठ्याने नाही जमणार."

शुक्रवारच्या बैठकीत शिंपलेवाल्यांना दोर वाढवू नका म्हणून सांगितलं, तेव्हा बरीच कुरकुर झाली. काका मागच्या रांगेतून उठून म्हणाले, "आकडा चुकला तो माझ्यामुळे. बोलायचं ते मला बोला." दोघे-तिघे बोललेही. दोर मात्र कुणी वाढवले नाहीत.

डोळ्यावरची पट्टी निघाली, तेव्हा घरी आणलेली तबकडीची दोरी बघून काकांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, ह्या चिंध्या निळ्या आहेत? मी करड्या समजत होतो!" बोट बघून दुसरं वाक्य होतं, "हिला रंग कुणी लावला? इतका घाणेरडा?" लावला होता त्यांनीच, मागच्या वर्षी.

ते बोटीवर परतले, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात वारा सुटला. चार दिवस घरांची दारं आपटत होती. पाचव्या दिवशी, मंगळवारी, काकांनी बोयापाशी पाण्यात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बोटं बधिर झाली होती.

"मॅडम, पळी फिरली!"

तबकडी उतरली. हिरवी झाली. साडेतीनवर दिसेनाशी झाली. काका ओरडले नाहीत. त्यांनी डोळे मिटले, उघडले, दोरी वर ओढून पुन्हा सोडली.

"काय झालं?"

"तुम्ही बघा. मला साडेतीन दिसतंय. माझा माझ्यावर विश्वास नाही."

मॅडम वाकल्या. "साडेतीन."

जाळी ओढली, तर बरणीत बारीक मंडळींनी दाटलेलं, चहासारखं तपकिरी पाणी. काकांनी ती मांडीवर धरून बंदरापर्यंत आणली, इंजिन मॅडमच्या हाती देऊन. धक्क्यावर काकू उभ्या होत्या. बोटीत पाय ठेवणार नव्हत्या, पण जाळी कशी चालली ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी बरणी उन्हात धरली, जाळी धरायच्या तशी.

"किती?" त्यांनी विचारलं.

"साडेतीन!" काका धक्काभर ऐकू जाईल असं ओरडले.

पलीकडे दोर धूत बसलेल्या एका शिंपलेवाल्याने मान वर केली. "नक्की ना, काका?"

"दोघांनी पाहिलंय," काका म्हणाले. "तिसरी ही आत्ता बघतेय."