पट्टीबाईंचा दुपदरी तुकडा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पट्टीबाई म्हणायचे. खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. काम म्हणाल तर काळसर चकचकीत खनिजाचा कण चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, सोलायची, पुन्हा दुमडायची. असं करता करता अणूंचा एकच पदर उरेल इतका पातळ पापुद्रा काढायचा आणि सिलिकॉनच्या चकतीवर उतरवायचा. सूक्ष्मदर्शकात बघून, रंगाच्या एवढ्याशा फरकावरून एक पदर की दोन, हे बाई चुटकीसरशी सांगत. यंत्राला त्यासाठी तासभर लागे. कौतुक तर किती! त्या कौतुकानेच बाईंचा घात केला.

आई दूरच्या गावी एकटी होती, खुबा मोडलेली. शेजारीण बघायची, पण ती तरी किती करणार? प्रयोगशाळेच्या तिथल्या शाखेत जागा निघाली होती आणि प्रमुखांच्या, म्हणजे सरांच्या, सहीचा बदलीचा अर्ज या शुक्रवारपर्यंत पोचायला हवा होता. सर वाईट माणूस असते तर निदान कडाकडा भांडता आलं असतं. पण बदलीचं काढलं की ते गोड हसून म्हणत, "एवढं एक उपकरण होऊ द्या बाई, मग लगेच सही करतो." हे 'एवढं एक' तीन वर्षं चाललं होतं!

सोमवारी शेजारणीचा फोन आला. "ताई, आई काल न्हाणीघरात तासभर पडून होत्या हो. मी बाजारात गेले होते."

मंगळवारी त्यांनी मन घट्ट केलं. आपली नजरच गेली असं दाखवायचं, म्हणजे सर सोडतील. लेसर पडला की एक पदर छान उजळतो, दोन पदर जेमतेम. सरांना तर प्रकाश देणारं उपकरण हवं होतं. बाईंनी दोन पदरांचा तुकडा निवडला आणि डबीवर 'एक पदर' लिहिलं. चौदा वर्षांत पहिलंच खोटं.

गुरुवारी, वीज खेळवण्यासाठी तुकड्याला सोन्याची जोडणी झाल्यावर, सरांनी लेसर सोडला. अंधार! त्यांनी कपाळाला हात लावला. "बाई, तुमच्याकडून असं?"

"डोळे थकले, सर. आता मला सोडा."

सरांनी अर्ज पुढे ओढून पेन उघडलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीत त्याच तुकड्यातून वीज सोडून बघणारा त्यांचा सहकारी ओरडला, "सर, वीज बघा! नेहमीच्या चौपट जातेय!"

सर धावले. तासाभराने परतले ते लहान मुलासारखे नाचतच. "प्रकाश राहू द्या, आपण याचा स्विच करू! असे वीस तुकडे लागतील. आणि डोळे थकले म्हणे! यंत्रात पाहिलं, दोन पदर आहेत! मुद्दाम अचूक ओळखून दिलेत, बरोबर ना? काय खट्याळ आहात हो तुम्ही! आता तुम्हाला कोण सोडतंय?"

खरं सांगावं, तर नमुना खोटा दिला म्हणून नोकरी जाणार आणि आईचं औषधपाणीही. बाई नुसत्या हसल्या. असं हसू वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

शुक्रवार सहीशिवायच गेला. संध्याकाळी बाईंनी फोन लावला.

"आई, नाही गं जमलं यायला."

"असू दे. काम नीट चाललंय ना तुझं?"

"फार छान चाललंय," बाई म्हणाल्या, आणि फोन तोंडापासून लांब धरून ढसाढसा रडल्या.