खोट घोडीतच!

परवा रात्रभर डोळा लागला नाही. ओवीला शाळेत 'माझी आई' या विषयावर बोलायचं होतं, आणि माझं काम ही पोरगी कसं सांगणार, या काळजीनं मी नुसती कूस बदलत होते. सकाळी तिनं सगळ्या वर्गापुढे ठणकावून सांगितलं, "माझी आई घोडा बाबा होऊ शकतो का ते बघते!"

लगेच बाईंचा फोन. "मॅडम, नुसतं 'डॉक्टर' म्हणायला शिकवायचं की!"

मी जनावरांची डॉक्टर. दिंद्रुडला आमच्या बियाण्याच्या दुकानामागेच माझा दवाखाना. किस्से म्हणाल तर फ्रीजमधल्या वाट्यांसारखे साठलेत. एक काढायला जावं, तर तीन अंगावर येतात!

*

मालकांचं पहिलं वाक्य ठरलेलं. "घोड्यात कायबी न्हाई, म्याडम. खोट घोडीतच हाय!"

नांदूरघाटचे एक काका म्हणाले, "चार घोड्या बदलल्या. चारीत खोट!"

"काका, एकदा घोडा बदलून बघितला का?"

"त्यो कावून बदलू? त्यो लई चांगलाय!"

*

घोड्याचं वीर्य नाजूक प्रकरण. गारठा सोसत नाही, साबण तर अजिबातच नाही. एकदा सॅम्पल मायक्रोस्कोपखाली धरलं, तर हालचाल शून्य. सगळे शुक्राणू मेलेले! एवढा तगडा घोडा, आणि हे काय? माझंच काही चुकलं असणार, म्हणून मी घामाघूम.

"बाटलीला कोणी हात लावला होता का?"

मालक खुशीत पुढे आला. "म्याच! भांड्याच्या साबणानं घासून आणली. डाक्टरीनबाईचं काम, म्हनलं सोच्छ पायजे!"

*

बादल हा वरातीचा घोडा. वरातीत घोडीकडे नुसतं बघितलं, तरी मालकाचा चाबूक बसायचा. आता त्याच मालकाला शिंगरू हवं होतं. समोर माजावरची घोडी, आणि बादल आभाळाकडे बघत उभा.

"लाजतोय जी," मालक म्हणाला.

"तुम्ही जरा चहा पिऊन या."

मालक भिंतीआड गेला आणि बादल असा खिंकाळला, की दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

भिंतीपलीकडून मालक ओरडला, "कोन वरडलं बे?"

"तुमचा लाजरा!"

*

आता घरचा किस्सा. ओवी बोलायला लागली तेव्हापासून आम्ही दुसऱ्या बाळाची वाट बघतोय. माझ्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. यांची एक राहिलीय, बीडच्या डॉक्टरांकडे करायची. आणि हे कोण? तर ओल्या गोणपाटात दाणे ठेवून उगवण बघितल्याशिवाय सोयाबीनची एक पिशवी न विकणारे!

विषय काढला की म्हणतात, "अगं, मला मधे ताप येऊन गेला ना."

तापानं घोड्याचं वीर्य दोनेक महिने बिघडतं, हे मीच हौसेनं सांगितलं होतं. तेव्हापासून यांना सारखा ताप येतो!

परक्या माणसाच्या घोड्याबद्दल मी तोंडावर विचारते. घरात मात्र जीभ रेटत नाही. ओवीची झबली दर उन्हाळ्यात उन्हात टाकते, आणि संध्याकाळी घडी घालून पुन्हा ट्रंकेत ठेवते.

*

काल बादलचं सॅम्पल बघत होते. हे जेवायला बोलवायला आले आणि दारातच घुटमळले. मागोमाग ओवीही आली.

"बघायचंय?" मी सहज विचारलं. नाहीच म्हणतील असं वाटलं होतं.

हे वाकले. लेन्सला डोळा लावला.

"अगं, हे तर सगळे पळतायत!"

"पळायलाच हवेत. बाळाला यातला एकच पुरतो."

यांनी डोळा काढला नाही. मग तसंच वाकलेले असताना, हळूच म्हणाले, "बीडचे ते डॉक्टर शनिवारी असतात का?"

मी नुसतीच मान हलवली, ती यांना दिसणार कशी!

तेवढ्यात ओवी स्टुलावर चढली आणि यांचा शर्ट ओढायला लागली. "सरका ना बाबा! ह्यातला माझा भाऊ कोणता, मला बी बघू द्या!"