बानोच्या हातचा चुडा

भोरच्या पेठेत माझ्या किराणा दुकानाला लागून बानोचं बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, एकीनं बसावं आणि दुसरीनं समोर बसून हात पुढं करावा, एवढीच जागा. बानो मणेरीण, सासऱ्यापासूनचा धंदा. तोंडानं फटकळ, पण हात लोण्यासारखा मऊ. कसलाही राकट पंजा असो, दाबत दाबत, बाईला माहेरची खुशाली विचारत ती बांगडी कधी मनगटात सारते ते बाईला कळायचंही नाही.

लग्नसराईत तिला घरोघरी बोलावणं यायचं. आधी नवरीला हिरवा चुडा, मग घरातल्या झाडून सगळ्या बायकांना. भाटघरपासून भोंगवलीपर्यंत तिची घरं ठरलेली होती आणि तिथं दुसरा मणेर पाऊल टाकत नसे.

मग हायवे रुंद झाला आणि आमच्या पेठेचं कंबरडं मोडलं. लोक म्हणतात विकास झाला. झाला असेल बाबा, माझ्या दुकानात माश्या वाढल्या एवढं खरं. बानोचा मुलगा फुरकान हुशार निघाला. त्यानं हायवेवर सारोळ्याला पुलाजवळ गाळा घेतला. काचेचं काउंटर, वर झगझगीत दिवे, बांगड्या डब्यात बंद. मापाचा नंबर बघा, डबा उचला, चालू पडा. दुकान धो धो चाललं, तसा तो आईच्या मागं लागला, की आता भोरचं सोड.

बानो म्हणाली, "ह्या लगीनसराईत एक तरी घर मला बोलवाय आलं, तर दुकान ऱ्हाईल. न्हाई आलं तर तू म्हणशील तसं."

हे ती बोलली ते भोंगवलीच्या चंद्राबाईच्या भरवशावर. चंद्राबाईच्या लेकी काय, सुना काय, सगळ्यांना चुडा भरला तो बानोनंच. आता नात रत्नाचं लग्न ठरलं होतं.

"भाभी, दिवस बदललेत," मी म्हणायचो.

"बदलू द्या की सोमनाथभाऊ. मनगट तर त्येच हाय न्हवं?"

मला तिचा राग यायचा. एवढ्या वयाच्या बाईनं इतकं भाबडं असू नये.

चैत्र सरला, वैशाख लागला, बोलावणं काही आलं नाही. एक दिवस फुरकान माल आणायला पुण्याला गेला, म्हणून बानो सारोळ्याच्या दुकानात बसली. दुपारी एक टेम्पो थांबला आणि चंद्राबाई उतरली. पुढचं बानोनंच मला सांगितलं. काउंटरमागं तिला बघून चंद्राबाईचा चेहरा खर्रकन उतरला.

"अगं, तू हितं कशी?"

"पोराचं दुकान हाय. बोल, काय दिऊ?"

चंद्राबाई चाचरली. "पोरी ऐकत न्हाईत गं. लगीन कार्यालयात हाय. नवरीला नटवाया पुण्याची बाई येणार, बांगड्याबी तीच घालणार म्हणं. मला निस्ता हिरवा डबा आणाया धाडलंय."

बानोनं रत्नाचं माप विचारलं, डबा काढला, पिशवीत घालून दिला. पिशवी मनगटाला अडकवून चंद्राबाईनं हात जोडले आणि वाकली. बांगड्या भरून झाल्या की बाईनं भरणाऱ्याला नमस्कार करायचा, ही आमच्याकडची रीत. मग तो कासार असो नाहीतर मणेर. इतक्या वर्षांची सवय, बिचारीचे हात आपसूक जुळले.

"नगं चंद्राबाय," बानो म्हणाली. "म्या भरल्या न्हाईत. इकल्यात."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, तेव्हा चंद्राबाई गेली.

संध्याकाळी फुरकान परत आला. बानोनं त्याला एवढंच सांगितलं, "तू म्हणशील तसं. भोरचं दुकान सोडते म्या."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. मला विचाराल, तर विचारायला हवं होतं.